खडकाची ताकद साइटवरच कशी मोजायची: पुण्याच्या काळ्या दगडावरचे पहिले धडे

बाणेरच्या अंगाला एका इमारतीच्या बेसमेंटचं खोदकाम चालू होतं. पोकलेनचा ब्रेकर सकाळपासून एकाच पट्ट्यावर ठोकत होता. ठेकेदाराचा माणूस म्हणत होता, "हार्ड रॉक लागलाय, हार्ड रॉकचा दर लावा." मालकाच्या बाजूचा इंजिनिअर म्हणत होता, "कसला हार्ड रॉक, हा तर मुरमाचा थोरला भाऊ." खोदाईत हार्ड मुरूम, सॉफ्ट रॉक आणि हार्ड रॉक यांचे दर वेगवेगळे असतात आणि फरक चांगलाच बोचणारा असतो. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या नोकरीचा तेव्हा तिसरा महिना होता. मी समोर बाहेर आलेल्या दगडावर हातोडीचा एक ठोका मारला, हाताला झिणझिण्या आल्या आणि छाती फुगवून सांगून टाकलं, "हार्ड आहे." दुसऱ्या दिवशी तोंड लपवत परत त्याच खड्ड्यात उतरावं लागलं. ते कसं, ते शेवटी सांगते. आधी काम शिकून घेऊ.

मोजायचं ते काय

खडकाची ताकद म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्या मनात एकअक्षीय दाबाची ताकद असते. दगडाचा दंडगोल कापायचा, मशिनमध्ये उभा ठेवायचा, बाजूने कसलाही आधार न देता वरून दाबत न्यायचं आणि फुटतो तेव्हा किती दाब होता ते पाहायचं. प्रयोगशाळेतली ही चाचणी आयएस ९१४३ या भारतीय मानकाप्रमाणे होते आणि उत्तर मेगापास्कलमध्ये येतं. एक मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरवर साधारण १० किलो. अंदाज बांधायला एम २५ काँक्रीट डोळ्यांसमोर आणा, ते २५ मेगापास्कलचं. पुण्याचा ताजा, घट्ट बेसाल्ट १०० च्या वर सहज जातो. आणि त्याच खड्ड्यात, हातभर खाली, नखाने उकरता येईल असा थरही सापडतो.

साइटवर आपण ही ताकद थेट मोजत नाही, तिच्याशी नातं असलेलं दुसरं काहीतरी मोजतो: ठोक्याला दगड कसा वागतो, स्प्रिंगचा दांडा किती उसळतो, दोन टोकांमध्ये चिमटल्यावर किती भाराला फुटतो. त्यावरून ताकदीचा अंदाज बांधतो. तो अंदाज आहे हे वहीत लिहिताना विसरू नका, बिल करणारे तर विसरतातच.

निघण्याआधी

सॅकमध्ये भूवैज्ञानिकाची हातोडी हवी, एका बाजूला चौकोनी तोंड आणि दुसऱ्या बाजूला टोक असलेली. सुतारकामाची हातोडी चालणार नाही. तिचं पोलाद या कामासाठी घडवलेलं नसतं आणि तिचाच तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. त्याच कारणाने एका हातोडीवर दुसरी कधी मारू नये. त्याशिवाय खिशातला चाकू, भिंग, मीटर टेप, खडू, पक्क्या शाईचा मार्कर, नमुन्यांच्या पिशव्या, खरवडायला कार्बोरंडमचा दगड, पाण्याच्या दोन बाटल्या (एक पिण्याची, एक दगडाची) आणि गॉगल. बेसाल्टची कपची ब्लेडसारखी असते. माझ्या डाव्या भुवईवरचा व्रण अशाच एका कपचीचा आहे, गॉगल तेव्हा सॅकमध्ये होता.

ताज्या सुरुंगाच्या भिंतीखाली उभं राहू नका. आधी लांबून वर बघा, लोंबकळणारे दगड दिसतात का ते. कात्रज, सिंहगड किंवा दिवे घाटातल्या कड्यांवर आधी आग्या मोहोळ शोधा. खडकाची ताकद मोजायची राहिली तरी चालेल.

परवानगीचं म्हणाल तर पाताळेश्वरला हातोडी घेऊन जायचा विचारही नको. आठव्या शतकातलं, अखंड बेसाल्टात कोरलेलं संरक्षित स्मारक आहे ते. तिथे डोळ्यांनी शिका: खांबांवर कुठे दगड गुळगुळीत राहिलाय, कुठे पापुद्रे सुटलेत. वेताळ टेकडीची जुनी खाण पाहायला उत्तम, पण तिथेही नुसतं पाहा. फोडाफोड कराल तर फिरायला आलेले एखादे काका "टेकडी पाडायला आलात का?" असं विचारतील आणि त्यांचं बरोबरच असेल. हातोडी चालवायची ती मालकाची परवानगी असलेल्या खाणीत किंवा खोदकामावर.

पायाखाली काय आहे

पुणे दख्खनच्या लाव्ह्यावर बसलंय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर साचले आणि प्रत्येक थराचा स्वभाव निराळा. नवख्याने किमान चार ओळखायला शिकावं.

पहिला घट्ट बेसाल्ट. काळा-करडा, बारीक कणांचा, फोडला की धारदार कडा. उभ्या भेगांनी त्याचे खांबासारखे तुकडे झालेले दिसतात. दुसरा अमिग्डलॉइडल: लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या नंतर पांढऱ्या, हिरवट खनिजांनी भरलेल्या. विहिरी खोदणारे याला मांजऱ्या म्हणतात. वाघोलीच्या खाणींमुळे ही पोकळीतली खनिजं जगभरच्या संग्राहकांना ठाऊक झाली, विशेषतः निळं कॅव्हनसाइट. तुमच्या कामाला मात्र ती सुंदर खनिजं म्हणजे डोकेदुखी. तिसरा ब्रेशिया, तुटक्या लाव्ह्याचे गोटे एकमेकांत चिकटलेले, थराच्या माथ्यावर सापडणारा. चौथा रेड बोल, गावाकडच्या भाषेत गेरू: दोन थरांमधला विटकरी लाल पट्टा, कधी वीतभर, कधी मीटरभर.

यात रंगाला फसू नका. करडा अमिग्डलॉइडल काही ठिकाणी काळ्या बेसाल्टाइतका दमदार निघतो आणि काळाकभिन्न दिसणारा दगड वरून सडलेला निघतो. बेसाल्ट झिजतो तो कांद्यासारखा, एकावर एक पापुद्रे सुटत. बाहेरून तपकिरी गोटा, आत गडद गाभा. गाभ्याचा आकडा घेऊन तो पापुद्र्यांना चिकटवणं ही नवख्यांची सर्वांत आवडती चूक.

पहिली पायरी: हातोडी आणि चाकू

इंटरनॅशनल सोसायटी फॉर रॉक मेकॅनिक्सने साध्या साधनांवर आधारलेली सात पायऱ्यांची वर्गवारी दिली आहे, आर ० ते आर ६. जगभर हीच वापरतात. ती पाठ करा. मी सुरुवातीला फोनच्या वॉलपेपरवर ठेवली होती.

आर ०: अंगठ्याच्या नखाने खूण उमटते. ०.२५ ते १ मेगापास्कल.
आर १: हातोडीच्या टोकाच्या जोरदार ठोक्याने चुरा होतो, चाकूने सोलता येतो. १ ते ५.
आर २: चाकूने सोलता येतो पण कष्टाने, हातोडीच्या टोकाने उथळ खड्डा पडतो. ५ ते २५.
आर ३: चाकूने सोलता किंवा खरवडता येत नाही, हातात घेतलेला तुकडा एका जोरदार ठोक्यात फुटतो. २५ ते ५०.
आर ४: फोडायला एकापेक्षा जास्त ठोके लागतात. ५० ते १००.
आर ५: पुष्कळ ठोके लागतात. १०० ते २५०.
आर ६: फुटत नाही, नुसत्या कपच्या उडतात. २५० च्या वर.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं. जमिनीला चिकटलेल्या खडकावर ठोका मारून "फुटला नाही, म्हणजे आर ५" असं लिहू नका. वर्गवारी हातात मावेल अशा सुट्या नमुन्याची आहे. मुठीपेक्षा थोडा मोठा तुकडा घ्या, भेग नसलेला. तो मऊ मातीवर ठेवलात तर ठोक्याचा निम्मा जोर माती खाते, म्हणून सपाट, टणक दगडावर ठेवा. ठोका मनगटातून नको, कोपरातून यावा. आणि प्रत्येक दगडाला सारखाच जोर. चिडून मारलेल्या ठोक्याला सगळेच दगड आर ३ निघतात.

चाकूचा एक खास पुणेरी सापळा आहे. अमिग्डलॉइडलवर चाकू ओढला की पांढरी भुकटी निघते आणि नवखा लगेच आर २ लिहितो. ती भुकटी पोकळीत भरलेल्या झिओलाइट या खनिजाची असते, खडकाची नाही. चाकू त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या मधल्या करड्या भागावर चालवा. खनिजाचा कठीणपणा आणि खडकाची ताकद या दोन गोष्टी आहेत.

आवाजाकडेही लक्ष द्या. घट्ट, न चिरलेला बेसाल्ट खणखणतो आणि हातोडी हातात उसळते. आत चीर असली किंवा दगड सडला असला की आवाज भद्द येतो आणि हातोडी तिथेच बसते. हे मला पुस्तकात कळलं नव्हतं. मोशीकडच्या एका खाणीत मी मोठ्या भिंतीवर खडूने चाचणीच्या जागा आखत होते. सुतकी (दगड फोडायचा मोठा हातोडा) खांद्यावर टाकून एक वयस्क वडार मामा मागे उभे होते. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ताई, ती तिसरी खूण पुसा. तितं पोकळ हाय." मला काहीच दिसत नव्हतं. त्यांनी पहारीचं टोक माझ्या दुसऱ्या खुणेवर टेकवून हलकंच आपटलं: टण्ण. तिसरीवर: ठप्. पुन्हा दुसरीवर, पुन्हा तिसरीवर, मला ऐकू येईपर्यंत. मग तिसऱ्या खुणेच्या वरच्या बाजूला पहार घालून जोर दिला आणि ताटाएवढा पापुद्रा अलगद खाली आला. मागे हिरवट मातीचा पातळ थर होता. तेव्हापासून मी कुठलंही उपकरण काढण्याआधी पूर्ण भिंत हातोडीने हलकी वाजवून घेते. दहा मिनिटं जातात.

लाल पट्ट्याची वेगळी परीक्षा

रेड बोल, ब्रेशिया आणि हिरवट मातकट खनिजं असलेला अमिग्डलॉइडल यांना हातोडीच्या जोडीला पाण्याची परीक्षा द्या. कोरडा रेड बोल मे महिन्यात चांगला घट्ट वाटतो, आर २ सहज मिळतो त्याला. त्याचा लिंबाएवढा तुकडा पारदर्शक डब्यात पाण्यात टाका आणि घड्याळ लावा. काही तुकडे पाच-दहा मिनिटांत कडांनी ढासळायला लागतात, काही रात्रभर तसेच राहतात. काय झालं ते वेळेसकट लिहा: "७ मिनिटांनी कडा सुटल्या, अर्ध्या तासात चिखल." डिझाइन करणाऱ्याला तुमच्या आर २ पेक्षा या एका ओळीचा उपयोग जास्त होईल, कारण पावसाळ्यात त्याची भिंत त्याच चिखलावर उभी असणार आहे.

दुसरी पायरी: श्मिट हॅमर

हे उपकरण मुळात काँक्रीटसाठी. एर्न्स्ट श्मिट या स्विस अभियंत्याने १९४० च्या दशकाच्या शेवटी ते तयार केलं, नंतर खडकवाल्यांनी उचललं. स्प्रिंगने सुटलेला भार दांड्यावर आदळतो आणि परत किती उसळला ते पट्टीवर दिसतं.

इथे पहिला प्रश्न: हातात आहे तो कोणता प्रकार? एल प्रकाराचा आघात ०.७३५ न्यूटन-मीटर, एन प्रकाराचा २.२०७, म्हणजे तिप्पट. खडकासाठीची नेहमीची सूत्रं एल प्रकारावर बसवलेली आहेत. सिव्हिलच्या लॅबमधून उसना आणलेला हॅमर मात्र बहुधा एन असतो, कारण तो काँक्रीटसाठी घेतलेला असतो. एनचे आकडे एलच्या सूत्रात घातलेले अहवाल मी डोळ्यांनी पाहिले आहेत. हॅमरच्या अंगावर प्रकार कोरलेला असतो, तो वहीत उतरवा.

निघण्याआधी तो पोलादी ऐरणीवर तपासून घ्या. नेमून दिलेला आकडा येत नसेल तर स्प्रिंग थकलीय.

जागा निवडताना खडक पक्का जमलेला हवा किंवा ठोकळा हलणार नाही इतका जड. सुट्या डबरावर हॅमर लावला की दगडच थोडा सरकतो, उसळी कमी येते आणि चांगला बेसाल्ट सडका ठरतो. ही चूक मी पहिल्याच आठवड्यात केली. सरांनी वही पाहिली, काही बोलले नाहीत, फक्त गाडीची किल्ली पुढे केली. हलतोय की नाही हे दांडा दाबताना हाताला कळतं. भेगेपासून आणि कडेपासून लांब राहा, मागे सहा सेंटिमीटरपर्यंत चीर नको. पृष्ठभाग कार्बोरंडमने घासून सपाट करा, शेवाळ, दगडफूल, धूळ काढा.

मग ठरवा: तपकिरी साल घासून काढायची की ठेवायची? ताज्या खडकाची ताकद हवी असेल तर साल पूर्ण जायला हवी. पण उताराच्या स्थैर्यासाठी भेगेच्या भिंतीची ताकद हवी असेल तर मोजायची आहे ती सालच, तिला हात लावू नका. दोन्ही आकडे बरोबर, प्रश्न वेगळे. घासलं की नाही हे न लिहिलेल्या आकड्याचा कुणालाच उपयोग नाही.

हॅमर पृष्ठभागाला काटकोनात धरून हळूहळू, एकसारखा दाबा. झटका देऊ नका. टक् झालं की बटण दाबून आकडा वाचा. एका ठिकाणाजवळ २० आकडे घ्या, पण प्रत्येक वेळी किमान दांड्याच्या जाडीएवढं सरकून. त्याच बिंदूवर पुन्हा मारलं तर तिथला दगड आधीच चेपलेला असतो आणि आकडा वाढत जातो. हॅमर आडवा होता, खाली तोंड करून होता की वर, ते नोंदवा. गुरुत्वाकर्षण उसळीत ढवळाढवळ करतं आणि त्याची दुरुस्ती करावी लागते.

सरासरी काढायच्या पद्धती दोन-तीन आहेत. जुनी आणि अजून प्रचारात असलेली: २० पैकी वरचे १० घ्यायचे. मी सगळे २० वहीत ठेवते आणि शेजारी कोणती पद्धत ते लिहिते. मधेच ४६, ४७, ४५ नंतर ३१ आला तर तो खोडू नका. त्यावर गोल करा आणि तिथे भिंग लावून बघा. दहापैकी आठ वेळा पृष्ठभागाखाली पोकळी सापडते, आणि पोकळ्या किती आहेत हीसुद्धा माहितीच आहे.

आता हिशेब. एल प्रकार, हॅमर उभा खाली धरलेला, यासाठी बार्टन आणि चौबे यांनी १९७७ मध्ये वापरलेलं सूत्र असं: ताकदीचा दहाच्या पायाचा लॉग = ०.०००८८ गुणिले खडकाचं एकक वजन (किलोन्यूटन प्रति घनमीटर) गुणिले उसळी, अधिक १.०१. समजा उसळी ४६ आणि एकक वजन २७.५. गुणाकार १.११, त्यात १.०१ मिळवले की २.१२. दहाचा २.१२ वा घात म्हणजे साधारण १३० मेगापास्कल. एकक वजन अंदाजाने घालू नका. नमुना हवेत आणि पाण्यात तोलला की ते निघतं. अमिग्डलॉइडलला घट्ट बेसाल्टाचं वजन लावलं की उत्तर उगाच फुगतं.

आर २ आणि त्याखालच्या खडकावर श्मिट हॅमर काढूच नका. दांडा आत रुततो आणि आकड्याला अर्थ राहत नाही.

तिसरी पायरी: पॉइंट लोड

माझं आवडतं उपकरण हेच. हातपंपाचा लहान जॅक, समोरासमोर दोन शंकू (६० अंशांचे, टोकाला ५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई) आणि भार दाखवणारा मीटर. गाडीच्या डिकीत मावतं. नमुना कापावा, घासावा लागत नाही. आपल्याकडे यासाठी आयएस ८७६४ आहे.

ड्रिलिंगची कोअर (ड्रिलमधून निघालेला दगडाचा दंडगोल) मिळाली तर काम सोपं. एनएक्स मापाची कोअर ५४ मिलिमीटरच्या आसपासची असते, ती आडवी धरून व्यासावर दाबायची. दोन्ही बाजूंना टोकापासून किमान अर्ध्या व्यासाइतकं अंतर ठेवा. कोअर नसेल तर खोदकामातला ओबडधोबड तुकडा चालतो: जाडी ५० मिलिमीटरच्या जवळपास, जाडी रुंदीपेक्षा जास्त नको आणि तिच्या तीन दशांशपेक्षा कमी नको. चपट्या चकत्या आणि पाचरीसारखे तुकडे टाकून द्या.

शंकूंच्या मधलं अंतर (जाडी) आणि तिथली सर्वांत लहान रुंदी मोजा, लिहा, मगच पंप मारा. दगड फुटल्यावर रुंदी मोजायला काही उरत नाही. भार एकसारखा वाढवा, १० ते ६० सेकंदांत फुटायला हवा. फुटताना आवाज मोठा होतो आणि तुकडे उडतात, जाळी किंवा जाड कापड टाका.

फुटल्यावर तुकडे जोडून बघा. भेग दोन्ही शंकूंच्या टोकांतून गेली असेल तर चाचणी ग्राह्य. फक्त एका टोकाजवळची कपची उडाली असेल किंवा जुन्या, गंज चढलेल्या भेगेवर फुटला असेल तर बाद. हा एकच नियम प्रामाणिकपणे पाळलात तर अर्धं काम झालं. किमान १० ग्राह्य चाचण्या करा, वरचे दोन आणि खालचे दोन सोडून बाकीच्यांची सरासरी घ्या.

एक तुकडा करून दाखवते. जाडी ४२ मिलिमीटर, रुंदी ५५, भार १४.२ किलोन्यूटन. क्षेत्रफळ ४२ × ५५ = २३१०. त्याला ४ ने गुणून पायने (π, म्हणजे ३.१४) भागलं की २९४१, हा समतुल्य व्यासाचा वर्ग. व्यास ५४.२ मिलिमीटर. १४२०० न्यूटन भागिले २९४१ = ४.८३ मेगापास्कल. आता ५० मिलिमीटरवर आणायचं: ५४.२ भागिले ५० चा ०.४५ वा घात १.०४. गुणाकार ५.०. हा झाला पॉइंट लोड निर्देशांक. एकअक्षीय ताकद साधारण याच्या २० ते २५ पट धरतात, म्हणजे १०० ते १२५.

"साधारण" या शब्दावर बोट ठेवा. खडकागणिक हा गुणक १५ ते ५० इतका बदललेला आढळला आहे. म्हणून अहवालात निर्देशांक आधी लिहा, मग कोणता गुणक धरला ते आणि मग ताकद. मोठ्या कामात चार-पाच नमुने प्रयोगशाळेत पाठवून त्या साइटचा स्वतःचा गुणक काढावा. हातोडीने आर ५ दिला, श्मिटने १३०, पॉइंट लोडने १०० ते १२५: तिघं एका पंगतीत बसले, म्हणजे नमुना नीट घेतला गेलाय. एखादा पंगतीबाहेर गेला तर सरासरी काढून त्याला आत ओढू नका, परत जाऊन दगड बघा. आणि २५ मेगापास्कलच्या खालच्या मऊ खडकात पॉइंट लोडवरही भिस्त ठेवू नका, शंकू रुततात.

सुकलेला आणि भिजलेला दगड वेगळा आकडा देतो, भिजलेला कमी. त्यामुळे जुलैतली आणि एप्रिलमधली चाचणी शेजारी ठेवताना ओल नोंदवलेली हवी.

तुकडा आणि डोंगर

वरचे सगळे आकडे हातात मावणाऱ्या तुकड्याचे आहेत. भिंत उभी राहते किंवा पडते ती बहुधा भेगांमुळे. म्हणून चाचणी झाली की टेप लावून भेगांमधलं अंतर, त्यांचा कल आणि आत काय भरलंय तेही लिहा. कोअर असेल तर आरक्यूडी (रॉक क्वालिटी डेझिग्नेशन, खडक किती अखंड आहे त्याची टक्केवारी): १० सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांच्या लांबीची बेरीज भागिले एकूण ड्रिल केलेली लांबी. दीड मीटरमध्ये असे तुकडे ९६ सेंटिमीटर भरले तर ६४ टक्के. ड्रिलिंगमध्ये किंवा पेटीत ठेवताना तुटलेले तुकडे जोडून एकच धरा. ताज्या तुटीचा पृष्ठभाग स्वच्छ आणि खडबडीत असतो, जुन्या भेगेवर डाग किंवा माती असते.

नमुन्याची चिठ्ठी पिशवीवर आणि पिशवीच्या आतही टाका. दुचाकीवर कात्रजहून शिवाजीनगरपर्यंत येताना मार्करची शाई घासून जाते आणि मग टेबलावर सहा सारखे काळे दगड तुमच्याकडे बघत बसतात.

आता बाणेरचा तो खड्डा. दुसऱ्या दिवशी सरांबरोबर खाली उतरले. भिंत वरपासून खालपर्यंत वाजवली, दर ३० सेंटिमीटरला हातोडी, चाकू आणि टणक थरातून दहा तुकडे पॉइंट लोडला. मी आदल्या दिवशी ठोकलेला दगड ७० सेंटिमीटर जाडीच्या घट्ट पट्ट्याचा होता, आर ५. तो बाहेर आला होता तोच मुळी खालचा थर ढासळल्यामुळे. त्याखाली दीड मीटर सडलेला अमिग्डलॉइडल, आर २, आणि त्याच्या बुडाशी वीतभर रेड बोल, जो डब्यात अकरा मिनिटांत विरघळला. खोली टाकून दोन वेगळ्या ओळी लिहिल्या, वरचा पट्टा हार्ड रॉक, खालचा सॉफ्ट. ठेकेदाराचा माणूस नाराज झाला, इंजिनिअरही झाला, आणि दोघांनीही सही केली.